चांगला मेंदू कोनाचा?

जगात ज्या ज्या गोष्टीवर संशय घेता येतो, त्या प्रत्येकीवर आमच्या साडभाऊंनी, म्हणजे माझ्या साडूंनी, तो घेऊन झालेला आहे. करडी गावाला त्यांची धानाची शेती. बियाण्याची पिशवी आणली की आधी मूठभर रुजवून बघतात, इथवर ठीक. पण एसटीत ते डोळा लागू देत नाहीत, कारण मग ड्रायव्हरही झोपेल. घड्याळ बरोबर चाललं असेल, तर ते कोणीतरी मुद्दाम बरोबर लावलं असणार. माझं लग्न ठरताना त्यांनी मला अंगणभर चालायला लावलं होतं. म्हणाले, "लंगडा पोरगा असला का लोकं खुर्चीवरून उठूच देत नाही."

माझी मुलगी नागपूरला मेंदूवर संशोधन करते. दिवाळीत त्यांनी तिची उलटतपासणी घेतली.

"मावसाजी, पेशीत काही प्रोटीन असतात. कोणतं जनुक चालू ठेवायचं, कोणतं बंद, ते ती ठरवतात. चांगल्या मेंदूत ती कुठं असतात अन् मार लागलेल्या मेंदूत कुठं, ते आम्ही पाहून राहिलो."

"मार लागलेला समजला. चांगला मेंदू कोनाचा?"

"उंदराचा."

"तो चांगला होता, हे कायवरून?"

उत्तर देता देता मुलीचं जेवण गार झालं.

उन्हाळ्यात लाखनीजवळ त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, स्कूटरवरून पडली. डोक्याला मार. दवाखान्यात साडभाऊंनी सलाईनच्या बाटलीवरची तारीख वाचली, रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा नाही ना ते पाहिलं. ती बरी झाली, घरी आली, सगळ्यांना ओळखू लागली. फक्त नवऱ्याला नाही. "दिसते तं तसेच, पन हे ते नोहोत," असं माझ्या बायकोच्या कानात सांगे. त्यांनी आणलेलं ताट दूर सारी. जन्मभर सगळ्यांवर नजर ठेवणारा माणूस आपल्याच घरात नजरेखाली आला.

त्यांनी मुलीला फोन केला. "पोरी, ते तुह्यं प्रोटीन इकडचं तिकडं झालं असन, तं परत जागेवर येते का?"

"माहीत नाही, मावसाजी. उंदरांतही अजून नीट समजलं नाही."

"खरं सांगून राहिली ना?"

"हो."



परवा करडीला गेलो. मेहुणी ओसरीवर बसली होती, साडभाऊ खाली उभे. "तुमी कोनाकडचे?" तिनं विचारलं. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं, लग्नाच्या वर्षी तिच्या माहेरच्या तळ्याला किती पाणी होतं तेही सांगितलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून जराशी सरकली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत ते अंग चोरून, अलगद टेकले.