भांडं रिकामं परत देऊ नये

बेलफास्टात कुणी विचारलंच, की तुम्ही कुणाच्या बाजूच्या, तर सुप्रभाबाई आगाशे म्हणायच्या, "मी सर्जरीच्या बाजूची." सर्जरी म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना. तो मोठ्या रस्त्यावर होता, एका अंगाला कॅथलिक वस्ती, दुसऱ्या अंगाला प्रोटेस्टंट वस्ती, आणि मागे दोघांच्या मधली ती उंच भिंत. तिला म्हणे शांततेची भिंत म्हणायचं. घ्या! शांततेला भिंत कशाला लागते, हे बाईंना तिथे पंधरा वर्षं राहूनही कुणी नीट सांगितलं नाही. दवाखान्यात मात्र दोन्हीकडची माणसं खोकत यायची आणि बाई काउंटरवर बसून सगळ्यांना सारख्याच दमात घ्यायच्या.

त्र्याऐंशी साली ब्रिस्टल सोडून त्या इथे आल्या, कारण पद्माकररावांना इथल्या विमानाच्या कारखान्यात बढती मिळाली. "अहो, तिथे बॉम्ब फुटतात!" असं बाई म्हणाल्या होत्या. "म्हणून तर जागा रिकामी आहे," इति पद्माकरराव. तसा माणूस विनोदी. एक्क्याण्णव साली हृदयविकारानं गेला तोही बोलता बोलताच. मुलगा गिरीश बर्मिंगहॅमला बँकेत. तो फोनवर म्हणायचा, "आई, तू इकडे ये ना, तो घर विकून टाक." बाई म्हणायच्या, "ते घर, बाळा. आणि नाही विकणार."

त्र्याण्णवच्या शरदात शहरात इतकी माणसं मारली गेली की काउंटरवर हसून बोलायचीही लाज वाटावी. तशातच एका दुपारी ऑर नावाचे पाद्री बाईंच्या घरी आले. हे प्रोटेस्टंट असले तरी दोन्हीकडे ऊठबस असलेले गृहस्थ. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मिसेस आगाशे, मला तुमचं स्वयंपाकघर हवंय."

गोष्ट अशी होती. लंडन आणि डब्लिनचे मुत्सद्दी मोठ्या टेबलांवर बसून बंदुका खाली ठेवायच्या गोष्टी करत होते. पण बंदुका काही त्या टेबलांवर नव्हत्या. त्या होत्या इथे, गल्लीगल्लीत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फरशीखाली. भिंतीच्या या बाजूला डर्मट नावाचा कॅथलिक सुतार आणि त्या बाजूला नॉर्मन नावाचा प्रोटेस्टंट प्लंबर, दोघेही आपापल्या टोळीत वजन असलेले. दोघांनीही तरुणपणी नको ते केलेलं, तुरुंग पाहिलेला, आणि आता दोघांनाही पोरं मोठी होताना पाहून भीती वाटायला लागलेली. या दोघांची एकमेकांशी गाठ घालायची आणि निदान या दोन गल्ल्यांमधली हत्यारं तरी गाडायचं ठरवायचं, एवढंच पाद्र्यांच्या मनात होतं. जागा अशी हवी की जिथे दोघंही काम काढून जाऊ शकतील आणि कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. हिंदू विधवेचं घर त्याला बरं.

"कुणाला कळलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर त्यांची स्वतःची माणसंच त्यांना मारतील," पाद्री म्हणाले. "म्हणून एकच सांगतो. ते तुमच्याकडे येतील. तुम्ही कधीही त्यांच्याकडे जायचं नाही."

बाई हो म्हणाल्या. पद्माकरराव असते तर तेही हो म्हणाले असते, असं त्यांना वाटलं.

मग नॉर्मन बॉयलर दुरुस्त करायला येऊ लागला आणि डर्मट कपाटं बसवायला. पहिल्या खेपेला दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले, अगदी रुसलेल्या जावयांसारखे. बाईंनी समोर कांदेपोहे ठेवले. नॉर्मन म्हणाला, हे काय आहे, डर्मट म्हणाला, मलाही माहीत नाही, आणि हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं बोलणं. पुढच्या खेपांना आवाज चढले, शिव्या झाल्या. एकदा डर्मट रडला, कारण नॉर्मनच्या टोळीनं मारलेला एक मुलगा त्याचा भाचा होता. नॉर्मननं मान खाली घातली. पण दोघंही पुन्हा आले. डिसेंबरात लंडन आणि डब्लिनच्या पंतप्रधानांनी मिळून जाहीरनामा काढला, तेव्हा हे दोघं बाईंच्या टीव्हीसमोर शेजारी बसून बघत होते. नॉर्मन म्हणाला, "यांचं सोपं आहे. यांना घरी जाऊन काही खणायचं नाही." त्या दिवशी तिघंही हसले आणि बाईंना वाटलं, होईल बाई, हे होईल.

आता बायका त्या बायका, मग त्या कुठल्याही देवाच्या असोत. नवरा एका एकट्या विधवेकडे काम करतोय म्हटल्यावर नॉर्मनची बायको जीन हिनं अ‍ॅपल टार्ट करून पाठवला. डर्मटच्या बायकोनंही पाठवला. दोन्ही थाळ्या एनॅमलच्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या. बेलफास्टात घरोघरी तसल्याच. टार्ट संपले, थाळ्या राहिल्या. पुरुष मेले विसराळू, जाताना थाळी न्यायचं कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ! नाताळ गेला. जानेवारी उजाडला, नॉर्मनच्या अंगात ताप, म्हणून बैठक पुढे ढकललेली.

आणि संक्रांत आली. दुसऱ्याचं भांडं घरात अडकून पडलंय, तेही सणाला, हे बाईंना रात्रंदिवस टोचत होतं. शेजारचं भांडं ठेवून घेऊ नये आणि परत देताना रिकामं देऊ नये, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. पाद्र्यांनी सांगितलेलं आठवत होतं, नाही असं नाही. पण त्या मनाशी म्हणाल्या, बॉयलरवाल्याच्या बायकोला चार लाडू नेऊन दिले तर त्यात कुणाला काय दिसणार? उलट नाही गेले तर दिसेल. माणूस आजारी आहे, विचारपूस नको करायला? त्यांनी तिळाचे लाडू वळले, एका थाळीत भरले, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि भर दुपारी नॉर्मनच्या दाराची घंटा वाजवली.

घरात नॉर्मन शाल पांघरून बसला होता. आणि त्याला बघायला आलेले तिघेजण. त्यातला एक, जाड मानेचा, कोचावर पाय पसरून बसलेला. बाईंना पाहून नॉर्मनचा चेहरा पांढराफटक पडला. जीन मात्र खूश झाली. "अगं बाई, किती छान! पण एवढी तसदी कशाला घेतलीत?" तिनं लाडू दुसऱ्या बशीत काढले आणि हसत म्हणाली, "ही थाळी माझी नाही हं. माझीच्या काठाचा टवका उडालाय." असं म्हणून तिनं थाळी उलटी केली.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते काठाला, ठसठशीत, कुणालाही दिसेल असं. तिथल्या बायका चर्चच्या जेवणावळीत भांडी हरवू नयेत म्हणून बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितात. बाईंनी ती थाळी कितीदा घासली होती, पण चिकटपट्टीवर काय वाचायचंय, म्हणून कधी वाचली नव्हती.

जीननं वाचली. मोठ्यानं वाचली. "बर्नाडेट. आणि पॅरिश हॉल." मग नवऱ्याकडे वळून, "ही बर्नाडेट कोण, नॉर्मन?"

पॅरिश हॉल म्हणजे चर्चचं सभागृह, आणि बर्नाडेट हे अस्सल कॅथलिक नाव, नॉर्मनच्या बाजूला कुणी ठेवत नाही; ते डर्मटच्या बायकोचं होतं. सुप्रभाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "माझी चूक झाली, दवाखान्यातल्या कुणाची तरी असेल." नॉर्मन काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त वाईट झालं. जीनचा आवाज चढला, "मी विचारतेय ना? कोण ही?" जाड मानेच्या माणसानं एक लाडू उचलला, सावकाश खाल्ला आणि नॉर्मनकडे बघत राहिला. बाई घरी कशा आल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी ताबडतोब पाद्र्यांना फोन केला. ते म्हणाले, "मी बघतो." 

नॉर्मनचा ताप उतरला त्याच आठवड्यात त्याला त्याच्याच लोकांनी घराबाहेर बोलावून नेलं. सकाळी मागच्या गल्लीत त्याचं प्रेत सापडलं. डर्मट बायकापोरांना घेऊन रातोरात लिव्हरपूलला पळाला. दोन गल्ल्यांमधलं एक पिस्तूलही कुणी खाली ठेवलं नाही.

सुप्रभाबाईंना जीनकडे जाऊन तिच्या पायाशी बसायचं होतं. पाद्र्यांनी अडवलं. "डर्मट काय करत होता हे त्याच्या लोकांना कळलं तर ते त्याला समुद्रापलीकडेही शोधून काढतील. एक गेला, दुसरा तरी जगू दे. तुमच्या तोंडून एक शब्द जायला नको."

आणि मग वस्तीनं ठरवून टाकलं: नॉर्मननं भिंतीपलीकडची बाई ठेवली होती. आपलाच माणूस समेटाला निघाला होता हे झाकायला मारणाऱ्यांना ही गोष्ट सोयीची, म्हणून त्यांनीच ती पसरवली. जीननं त्याच्या थडग्याच्या दगडावर नुसतं नाव घातलं. प्रिय पती वगैरे काही नाही. दर महिन्याला ती झोपेच्या गोळ्यांसाठी सर्जरीत यायची आणि बाई तिची अपॉइंटमेंट लिहून घ्यायच्या.  एकदा रांगेत कुणी नव्हतं, तेव्हा जीन काउंटरवर वाकून हळू म्हणाली, "तुमच्याच घरात भेटायचे का हो ते दोघं, तो आणि ती?"

"नाही," सुप्रभाबाई म्हणाल्या. "नाही हो, जीन." खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात एका बाजूची शस्त्रसंधी झाली, ऑक्टोबरात दुसऱ्या बाजूची. लोक भोंगे वाजवत गाड्या फिरवत होते. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. जानेवारी ते ऑगस्ट, एवढाच काय तो उशीर! नंतर बंदुका आधी ठेवायच्या की बोलणी आधी करायची यावर परदेशी तज्ज्ञांची समिती बसली, अहवाल आला, लंडनात पुन्हा बॉम्ब फुटला, पुन्हा संधी झाली. प्रत्येक वेळी बाई पाद्र्यांना विचारायच्या, "आता सांगू?" आणि ते म्हणायचे, "अजून थांबा." अठ्ठ्याण्णवला करार झाला, तेव्हाही म्हणाले, "हत्यारं अजून त्यांच्याकडेच आहेत, मिसेस आगाशे."

त्याच वर्षी पानगळीत डर्मट कॅन्सरनं गेला. त्याची बायको पोरांकडे कॅनडाला निघून गेली. आता बोलण्यानं कुणाच्या जिवाला धोका उरला नव्हता. पाद्र्यांना न विचारताच बाई कोट चढवून निघाल्या.

जीननं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. बाईंनी सगळं सांगितलं. बॉयलर कसा चांगलाच होता, कपाटं कशी कधी बसलीच नाहीत, नॉर्मन काय काय बोलायचा. तो तुझ्याशी कधी वाकडा वागला नाही, गं. तो बंदुका गाडायला निघाला होता. थाळ्यांची अदलाबदल माझ्याकडून झाली, मीच ती आणली, मला येऊ नको म्हणून सांगितलेलं असताना आले. बाई ढसाढसा रडत होत्या. इतक्या वर्षांचं ओझं उतरतंय, असं त्यांना वाटत होतं. जीनचंही उतरेल, असं वाटत होतं.

जीन रडली नाही. "म्हणजे बाई नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"आणि गाडल्या का त्यांनी बंदुका?"

"नाही."

जीन टेबलाकडे बघत बसली. "त्या दिवशी तुम्ही दवाखान्याचं काहीतरी सांगितलंत," ती म्हणाली. "तो काहीच बोलला नव्हता. मी ओरडले, सगळ्यांदेखत. मी ओरडले नसते तर त्या थाळीकडे कुणी बघितलं असतं का?"

"जीन, तसं नाही—"

"इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यानं केलं ते त्याला भोवलं. त्याला आणि तिला शिव्या देऊन माझा दिवस जायचा." तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "हे मला कशाला सांगितलंत हो तुम्ही?"

 जीन उठली, तिनं बाईंचा कोट आणून त्यांच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली. पुढच्या महिन्यापासून ती दुसऱ्या दवाखान्यात जायला लागली.