अब्बांचा अडलेला शब्द

इंग्रजीत ‘लेथोलॉजिका’ असा एक शब्द आहे. नेमका हवा तो शब्द ऐन वेळी न आठवणं, म्हणजे लेथोलॉजिका. ग्रीकमध्ये ‘लेथे’ म्हणजे विसर आणि ‘लोगोस’ म्हणजे शब्द. कॉलेजात हे मी मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहितो.

गेल्या महिन्यात अब्बांचं तसंच झालं. त्यांचा जन्म हिमरूच्या शाली विणण्यात गेला. माझी मुलगी त्यांना मागाबद्दल विचारत होती. रंगात येऊन सांगता सांगता ते एकदम थांबले. हात हवेत डावीकडून उजवीकडं सरकवत म्हणाले, “वो... धागा लेके इधर से उधर जाता ना, क्या बोलते उसकू?”

मी म्हणालो, “शटल.”

“अंग्रेजी नक्को रे. अपना नाम बोल.”

मोबाइलवर शोधलं. ‘धोटा’ सापडला, तो वाचून दाखवला. अब्बांनी मान हलवली. त्यांच्या कारखान्यात काही वेगळंच म्हणत. आता विचारायचं कुणाला? बरोबरीचे कारागीर सगळे कबरीत, आणि माग तर कधीच मोडून चुलीत गेला. अब्बांचा हात तेवढा हवेत फिरतच होता.

शेवटी दमून त्यांनी नातीला माझ्याकडं बोट दाखवलं. “इसकू पूछ. मेरे बाजू में बैठकेच पढा इन. इसकू मालूम है.”

बसायचो ना. मागाचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून दोन्ही कानांत बोटं घालून मी इंग्रजी शब्द पाठ करायचो.