सगळ्या शीटांत सतरा नंबर
लातूरला क्लासच्या ऑफिसात हजेरी माझ्याकडे होती. बारा बॅचेस, कॉम्प्युटरवर एकाच फाइलीत प्रत्येकीची वेगळी शीट. बाकीच्या मुली माउसने खाली शीटचं नाव शोधत बसायच्या. मी कंट्रोल धरून पेज डाउन, पेज डाउन करायचे, की झालं! सरसुद्धा म्हणायचे, "म्याडमचा हात बघा." लई मिरवायचे मी.

सलग तीन दिवस गैरहजर, की घरी फोन, असा आमचा नियम. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा शिकलेले आईबाप आता लेकरांना इथं ठेवून गावी परतायचे. त्यांचा सगळा भरवसा त्या फोनवर.

एका बॅचमधली सतरा नंबरची पोरगी तापामुळं तीन दिवस आली नाही. मी एका दमात तीन वेळा 'गैरहजर' लिहून टाकलं. पण त्या शीटवर येताना घाईत कंट्रोलसोबत शिफ्टही दाबलं गेलं होतं. तसं झालं की वाटेतल्या सगळ्या शीट निवडलेल्याच राहतात, आणि एकीत लिहिलेलं सगळ्यांत उमटतं. वरती 'ग्रुप' असं दिसतं, पण बघतंय कोण! माझी नजर आपली बोटांच्या कौतुकात.

दुपारी दुसऱ्या बॅचच्या शीटवर सतरा नंबरच्या पोरीचे सलग तीन गैरहजर दिसले, म्हणून मीच तिच्या कंधारकडच्या बापाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो हजर. सोबत मुलगी, रडून डोळे सुजलेले.

"म्याडम, मी रोज आले. पहिल्या बाकावर बसते. सरांना विचारा ना."

सर तासावर होते. मी उठलेसुद्धा नाही. स्क्रीन बापाकडं वळवली न् म्हणाले, "हे बघा. कॉम्प्युटर काय खोटं बोलायलाय का?"

त्यानं तिची बॅग उचलली आणि तिला घेऊन गेला.

तासाभरात लातुरातलीच एक आई, तिलाही फोन गेलेला, तावातावानं आली. "माझी लेक रोज माझ्या गाडीवर येते, गैरहजर कशी हो?" तिचाही नंबर सतरा. मी एकेक शीट उघडत गेले. सहा शीटांत सतरा नंबर, तेच तीन दिवस.

कंधारच्या त्या बापाला फोन केला. चूक माझी, पोरगी खरं बोलत होती, सगळं सांगितलं.

"म्याडम," तो म्हणाला, "स्टँडवर सगळ्यांदेखत मारलं हो तिला मी."

मेलं ते घाईचं कौतुक, असं झालं.

सोमवारी ती परत आली. मी माफी मागितली. "असू द्या," म्हणाली, नजर खाली ठेवूनच. पण त्यानंतर वर्षभर, वर्गात जायच्या आधी ती रोज माझ्या टेबलापाशी यायची.

"म्याडम, मी आले. लिहा."

आणि मी लिहीपर्यंत तिथून हलायची नाही.