मेहबूबचाचांचा अर्धा चरखा

सकाळी सांगलीत चहाचा कप हातात असतानाच शबानाचा फोन आला. "सर, अब्बा गेले. दुपारच्या नमाजानंतर माती हाय. तुमी येताय न्हवं?" मिळेल त्या एसटीने औंध गाठलं, मेहबूबचाचांना माती दिली आणि परतलो. तेव्हा रडू आलं नाही. ते आलं चाळिसाव्या दिवशी, आणि तेही एका सुईपायी.

चाचा औंधचे टेलर. मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचो आणि माझे सदरे त्यांच्याकडेच शिवायला टाकायचो. एका ऑगस्टात वर्गात आजच्या झेंड्याआधीचा, चरख्याचा झेंडा शिकवून मी दुकानात आलो आणि त्याच ऐटीत सांगितलं की, स्वातंत्र्य मिळता मिळता चरखा जाऊन चक्र आलं. चाचांनी मशीन थांबवलं. "का गेला, ते सांगितलं का पोरांस्नी?" मी चक्राचा थोर अर्थ सांगू लागलो. "ते हायच वो सर. पन चरख्याला पाठ आन् पोट असतंय. म्होरनं सुलटा, तर मागनं उलटा. चक्र कुटनं बी बगा, सारकंच." मग पेटीतून त्यांनी खादीचा जुना झेंडा काढला. स्वातंत्र्याआधी त्यांच्या वडिलांनी शिवलेला. केशरी, पांढरा, हिरवा. पांढरी पट्टी दुहेरी, कारण दोन्हीकडून सुलटा दिसावा म्हणून त्यांनी दोन बाजूंना दोन वेगळे चरखे निळ्या दोऱ्याने भरले होते. वीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या मला हे एका शिंप्याने शिकवलं.

पण एका बाजूला चरखा नव्हताच, नुसती सुईची भोकं होती. नवा झेंडा ठरल्यावर हाच उसवून चक्र भरून द्या, असं गावाने वडिलांना सांगितलं होतं. एक बाजू उसवून झाली आणि दुसरीला कात्री लावताना त्यांचा हात थांबला... घरातली कोरी खादी काढून त्यांनी दुसरा झेंडा शिवून दिला आणि हा पेटीत ठेवला. मरताना लेकाला एवढंच म्हणाले, उसवलं तेवढं परत भर. लोकांचे कपडे शिवता शिवता चाचांचं ते राहून गेलं होतं, आता ते मनावर घेणार होते. मी नको तिथे शहाणपणा केला. म्हटलं, "चाचा, हात लावू नका. ही भोकं म्हणजेच इतिहास."

"तुमी म्हनताय तर ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी घडी घातली. पुढे त्यांची नजर गेली, मी निवृत्त होऊन सांगलीला आलो. भेटलो की विचारायचे, "सर, चरखा अजून बी भरायचा न्हाईच व्हय?" मी हसून मान हलवायचो. त्यांना ती दिसत नाही, हेही माझ्या ध्यानात यायचं नाही. आता ते हसणं आठवलं की माझाच मला राग येतो.

चाळिसाव्याला शबानाने तो झेंडा माझ्यासमोर उलगडला. उसवलेल्या बाजूला निळे टाके होते. बोटांनी भोकं चाचपत चाचांनी अर्धा चरखा भरला होता. टाके वेडेवाकडे, कुठे एकाच भोकात दोनदा. आणि शेवटच्या टाक्यापाशी सुई. काम अर्धं राहिलं तर सुई दोऱ्यासकट कापडातच टोचून ठेवायची, ही त्यांची जन्माची सवय.

"मीच दोरा ववून द्यायची," शबाना म्हणाली. "तुमाला सांगू नगं म्हनले हुते. सर रागावत्याल म्हनले." मला तिथेच हुंदका फुटला...

ती ब्लाउज शिवते, हात बापाचाच. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सुई काढू का, सर?"

"नको," मी म्हटलं. "उरलंय ते पुरं कर. त्यांचा एकही टाका उसवू नकोस."

काल ती झेंडा घेऊन सांगलीला आली. चरखा पुरा झालाय, अर्धा वेडावाकडा, अर्धा नेटका. मी झेंडा उलटून पाहिला, पुन्हा उलटून पाहिला. आता कुठूनही बघा, सुलटाच दिसतो.