कुबड्यांचे एकोणीस सेकंद

सिग्नल दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला अख्खं खातं ‘ठिणगी’ म्हणायचं. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? सत्तावीस वर्षं तिनं खांबांवर चढून दिवे बदलले, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या आणि साहेबलोकांचं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे ऐकलं असं नव्हे.

मग नवी यंत्रणा आली. खांबाखांबावर कॅमेरे. जिकडे गाड्या जास्त, तिकडे हिरवा दिवा आपोआप जास्त वेळ. खोटं कशाला बोला, बाईलाही ती आवडली. पण रुग्णालयासमोरच्या चौकात पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा आला अकरा सेकंदांवर. गाड्या मोजायला चार कॅमेरे आणि माणसं मोजायला एकही नाही, याला काय म्हणावं!

बाईचा थोरला भाऊ कुबड्या घेऊन रोज तिथूनच पायांच्या व्यायामाला जायचा. एके दिवशी तो रस्त्याच्या मधोमध अडकला आणि दोन्हीकडून गाड्या सुटल्या. घरी येऊन म्हणाला, “उद्यापासून मी जात नाही. पाय गेले तर गेले.”

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या सकाळी तिनं त्याला चौकात नेलं, मोबाइलवर घड्याळ लावलं. “दादा, घाई करू नकोस. रोजच्यासारखा चाल.” एकोणीस सेकंद लागले. तिनं सिग्नलची पेटी उघडली आणि चालणाऱ्यांचा कमीत कमी वेळ एकोणीस करून टाकला. आता यंत्रणेनं कितीही आदळआपट केली तरी तिला त्याखाली उतरता येणार नव्हतं.

साहेबांनी बोलावलंच. “बाई, एका भावासाठी सगळं शहर थांबवणार तुम्ही?”

“रुग्णालयात पळत जाणारी माणसं किती असतात, साहेब?”

“अकरा करा. नाहीतर गोदामात बदली.”

“मी नाही करणार. ज्याला करायचं त्यानं करावं.”

खात्याची एक रीत होती. पेटीतली वेळ बदलणाऱ्यानं आतल्या कार्डावर स्वतःच्या हातानं नाव आणि कारण लिहायचं. साहेबांनी दोन फिटर पाठवले. दोघेही कार्ड वाचून तसेच परतले. शेवटी साहेब स्वतः आले. कार्डावर बाईच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘कुबड्यांवरच्या माणसाला एवढा वेळ लागतो.’ त्याखाली साहेबांनी आपलं नाव लिहिलं आणि पेन कारणाच्या रकान्यापाशी अडलं. लिहिणार काय, कपाळ?

“लिहा ना, साहेब,” शेजारी उभी असलेली बाई म्हणाली. “गाड्यांना घाई आहे, असं लिहा.”

साहेबांनी आपलं नाव खोडलं. “बदली मात्र होणार.”

“करा.”

झाली. बाई आता गोदामात दिव्यांची खोकी रचते, आणि तिचं तोंड तिथेही बंद नाही. चार महिन्यांनी दादा व्यायामाहून आला तो हसतच. “आज सतरा सेकंदांत पोचलो गं. उरलेले दोन गाड्यांना परत द्यायचे का?”

“एकसुद्धा नाही,” बाई म्हणाली.