रणगाड्याची डावी चेन

डाळजच्या फाट्यावरनं पळसदेवच्या अंगाला वळलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. बोर्ड नाही, पाटी नाही. दारात दोन-चार ट्रॅक्टर आणि पोट उघडं पडलेलं एखादं इंजिन दिसलं की समजायचं, सावळाराम फिटर इथंच.

जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं तेव्हा सावळाराम पाच-सहा वर्षांचा. नववी झाली, शाळेत जीव रमेना, म्हणून सोळाव्या वर्षी बापानं बारामतीला एका गॅरेजात नेऊन सोडला. तिथल्या उस्तादानं दोन वर्षं त्याच्या हातात पाना दिला नाही. सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवायचे, ब्रशनं घासायचे, फडक्यावर ओळीनं मांडायचे. बास. "ज्याला नट धुता येत न्हाय, त्याला नट आवळता येत न्हाय," असं उस्तादाचं म्हणणं. बाकीची पोरं पळून गेली, हा टिकला. धुता धुताच इंजिन शिकला.

त्यामुळं स्वतःचं शेड टाकल्यावर त्यानं एक नेम धरला. मशीन येताना कसंही येऊ दे, जाताना धुतल्याशिवाय द्यायचं नाही. वरकुट्याचा दिग्विजय एकदा घाईत होता.

"तात्या, ऱ्हाऊ द्या आता धुणं. हितनं सरळ शेतातच चाललोय. पुन्यांदा घाण हुणारच की."

"तुझ्या शेतात हू दे. माझ्या दारातनं घाण जायचं न्हाय."

"आंगूळ घालून पावडर-कुकू पण लावताय जनू!"

"तुला कुणी घालत न्हाय म्हणून जळतूस व्हय रं?"

शेडातली माणसं हसली आणि दिग्विजय गपगुमान पाइप धरायला गेला.

सावळारामला एकच पोरगा, ऋषिराज. बापासारखाच हाताचा कसबी, पण बोलायला कंजूष. डिप्लोमा करून बारामतीच्या एमआयडीसीत लागला. भाग घडवायचा नाही, घडलेला मोजायचा, असलं काम. तिथंच खोली घेऊन राहायचा, रविवारी घरी यायचा. आला की शेडात. दुरुस्तीला आलेल्या मशीनपुढं मोबाइल घेऊन उकिडवा बसायचा आणि बापाला म्हणायचा, "तात्या, जरा थांबा. आत्ताच धुवू नका." चाकाचा फोटो काढ, डिझेल टाकीच्या झाकणाचा काढ, सायलेन्सरचा काढ. बाप म्हणायचा, "आरं, लोकं पोरींचं फोटू काढत्यात आन तू चिखलाचं!"

एका दिवाळीला पोरानं खोक्यातनं वीतभर लांबीचा रणगाडा आणला. प्लॅस्टिकचे तुकडे कापून, तासून, चिकटवून केलेला. रशियाचा, दुसऱ्या महायुद्धातला, टी-चौतीस म्हणतात तो. खऱ्या रणगाड्याच्या लांबीचे पस्तीस भाग केले तर त्यातला एक होईल, एवढा. बुरुज फिरत होता, झाकणं उघडत होती. सावळारामनं चष्मा लावला आणि पहिल्या झटक्यात खोट काढली.

"ह्ये वेल्डिंग हाय का ढेकळं? आसं काम हितं क्येलं आसतंस तर कान पिळला आसता."

"तात्या, ते मुद्दाम केलंय. लढाईच्या घाईत बनवायचे. खरंच असं ओबडधोबड असायचं."

"आन बनवायचं कोण?"

"ट्रॅक्टरचे कारखाने. रणगाडे करायला लावले त्यांना. चालवणारेपण कितीतरी ट्रॅक्टरवालेच."

ट्रॅक्टरचं नाव निघालं आणि बापाचा जीव त्या खेळण्यावर बसला. पुढची दोन वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमचा पोरगा रणगाडा करतोय." दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ऋषिराज घरी आला आणि आईला म्हणाला, "चक्का बांधायचं फडकं दे." आईनं, म्हणजे जयवंतानं, दिलं. ते घेऊन तो उजनीच्या उघड्या पडलेल्या काठाला गेला आणि सुकलेला गाळ त्यातनं चाळून डबाभर घेऊन आला. कशाला, ते तिनं विचारलं नाही. फडकं वाया गेलं म्हणून चार शब्द तेवढे ऐकवले.

जानेवारीत, उसाच्या हंगामात, एका सोमवारी पहाटे घरनं कामावर जाताना ऋषिराजची गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागं लाल पट्टी नव्हती. जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. पोरगा सव्वीस वर्षांचा होता.

तेरावं झाल्यावर सावळाराम बारामतीची खोली रिकामी करायला गेला. तिथं निहार आला होता. हा दातांचा डॉक्टर, बारामतीतच दवाखाना, आणि ऋषिराजसारखंच हे मॉडेलांचं वेड. दोघं मिळून काम करत बसायचे. दात कोरायच्या हत्यारांनी रणगाड्याला भोकं पाडायचे. निहारनं टेबलावरचा रणगाडा दोन्ही हातांनी उचलून बापाच्या हातात दिला.

"तात्या, पूर्ण झालाय. फक्त डाव्या बाजूची चेन राहिली. डिसेंबरात पुण्याला प्रदर्शन आहे, तिथं मांडायचा होता त्याला. चेन मी बसवू का?"

"न्हाय," सावळाराम म्हणाला. "म्या बसवतो. तुमी निस्तं दावा कसं ते."

चेनीला कड्या बहात्तर. एक दातवाली, एक सपाट, अशा पाठोपाठ. प्रत्येक कडी साच्यातनं सोडवायची, काठ घासायचा, दोन कड्यांमध्ये केसाएवढी तार ओवायची. निहारनं समजावून सांगितलं, पाकीट दिलं, बारीक चिमटा दिला. रणगाड्याच्या अंगावर चाकापासून वरपर्यंत चिखल होता, कडांना गंज होता, हे त्यालाही दिसत होतं आणि सावळारामलाही. त्याबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. निहारला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही आणि सावळारामला विचारण्यासारखं.

घरी आल्यावर तो जयवंताला एवढंच म्हणाला, "किती घाण झालाय बघ. काम झालं की धुवून काढतो."

मग नऊ महिने ते चाललं. ट्रॅक्टरची चाकं उचलणारी ती बोटं, त्यात तांदळाएवढी कडी. पहिल्या आठवड्यात सात कड्या मोडल्या. पाकिटात जादा आठच होत्या. तेव्हा तो दोन दिवस कड्यांना शिवला नाही, नुसता मोडक्या तुकड्यांवर हात बसवत राहिला. चहा सोडला, कारण चहानं हात थरथरतो असं कुणीतरी सांगितलं. दुपारी शेडात जेवणाची सुट्टी झाली की कामगार झाडाखाली आडवे व्हायचे आणि हा जयवंताचा धान्य निवडायचा चष्मा आपल्या चष्म्यावर चढवून बसायचा.

"दोन-दोन चष्मं! नवरी बघाय निघालाय का काय?" ती म्हणायची.

"गप. छप्पन झाल्या."

आणि या नऊ महिन्यांत एकही ट्रॉली त्यानं मागं लाल पट्टी चिकटवल्याशिवाय शेडातनं जाऊ दिली नाही. आमचीबी एक ट्रॉली तशीच पट्टी लावून आली. पट्टीचं काही बोललो नाही आपण.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बहात्तरावी कडी बसली. चेन चाकांवर चढवली, बोटानं सरकवली तर सुरसुर फिरली. जयवंताला त्यानं हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "आता पोराचं काम पुरं झालं." तोही तसंच समजला.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं धुतात. पाने, जॅक, ग्रीसगन, ट्रॅक्टर, दारातला नांगर, घरातली विळी. धुवून हळदीकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. सावळारामनं शेडातलं सगळं धुतलं आणि शेवटी रणगाडा घेतला. कोमट पाणी, शाम्पू, दात घासायचा जुना ब्रश.

"जपून," जयवंता म्हणाली.

"म्या काय आज धुतोय व्हय?"

चाकांमधला चिखल भिजवून भिजवून काढला. गंजाचे डाग निघेनात तेव्हा काडीला कापूस गुंडाळून रॉकेलनं पुसले. एका बाजूला काजळी होती, ती गेली. झाकणाखाली तेलकट ओघळ होता, तो गेला. खालनं हिरवागार रंग निघाला. त्यावर ट्रॅक्टरला मारतात तसं चकाकी रोगण मारलं, चमकावं म्हणून नाही, तर पोराचं काम टिकावं म्हणून. मग हार घातला. अर्धं गाव बघून गेलं. "तात्या, शोरूमातला दिसतोय," लोक म्हणाले, आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा सावळारामच्या तोंडावर जरा रंग आला.

डिसेंबरात निहार गाडी घेऊन न्यायला आला. सावळारामनं वरचं फडकं काढलं. "बघा."

निहार बघतच राहिला. मग खाली वाकून थेट डाव्या चेनीपाशी गेला. कडी न् कडी बघितली.

"तात्या, एक कडी वाकडी नाही. ऋषीची उजवी इतकी सरळ नाही बसली."

"ते जाऊ द्या. बाकी कसा वाटतोय?"

"बाकी... स्वच्छ आहे."

"मग! चिखल केवढा हुता, इच्यारू नका. त्येच्या खोलीत कुठनं बसला, द्येव जाणं."

निहारनं मान हलवली आणि चहा पिऊ लागला. तो काही बोलला नसता. तसाच घेऊन गेला असता. पण जयवंता म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या मोबाइलात आमच्या ऋषीचा एखांदा फोटू आसंल की. हितं समदं लगीनकार्यातलं हायती. काम करताना एकबी न्हाय."

"आहेत. पाठवतो नंतर."

"आत्ताच दावा की."

आईला नाही कसं म्हणायचं? त्यानं मोबाइलात एक फोटो उघडला. ऋषिराज दिव्याखाली वाकलेला, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, हातात चार केसांचा ब्रश. पुढं रणगाडा. जयवंतानं पोराचं तोंड बघितलं. सावळारामनं हात बघितला.

"ब्रशनं काय करतोय त्यो?"

निहारनं चहाचा कप खाली ठेवला.

"डॉक्टर, चिखल काढतोय न्हवं?"

"लावतोय, तात्या."

सावळारामनं मोबाइल हातात घेतला. बेअरिंग तपासावं तसा डोळ्याजवळ नेला, अंगठ्यानं मोठा केला. चाकावर जुना वाळलेला चिखल पांढुरका होता, त्यावर नवा ओला काळा. चालकानं जिथं पाय ठेवून चढायचं, तिथला चिखल बुटांनी घासून गुळगुळीत झालेला. टाकीच्या झाकणाखाली एक बारीक ओघळ, त्यावर धूळ.

"ह्ये डिझेल भरताना सांडल्यालं हाय," तो हळू म्हणाला. "आन त्याव धूळ बसलीया. आशीच बसती."

"तो म्हणायचा, मला हे पुस्तकात शोधावं लागत नाही. तात्यांच्या शेडात येणाऱ्या प्रत्येक मशीनवर ते असतं. फक्त ते धुवायच्या आत बघावं लागतं."

"किती दीस लागलं हुतं?"

"रंग महिन्यात झाला होता. नंतरचे सात-आठ महिने हेच."

रस्त्यावरनं उसाची एक गाडी गेली.

"म्या म्हणलं हुतं, जपून," जयवंता म्हणाली.

"व्हय. म्हणली हुतीस."

निहार म्हणाला, "मी परत करतो तात्या. फोटोवरनं. पुढच्या वर्षी मांडू."

"त्यो तुमचा हुईल."

"मग या वर्षी राहू द्या."

"का? त्येचं नाव दिलंय न्हवं? न्यायाचा."

पुण्याच्या हॉलात लांब टेबलं होती. कितीतरी रणगाडे. गंजके, पोचे आलेले, चिखलात रुतलेले. सावळारामनं हात मागं बांधून एक फेरी मारली. प्रत्येकापुढं थांबला. मग ऋषिराजच्या नावाच्या कार्डामागं येऊन उभा राहिला. खुर्ची दिली ती घेतली नाही.

एक गृहस्थ वाकून म्हणाले, "हा जरा खेळण्यासारखा चकाकतोय, नाही?"

"चिखल हुता सायब," सावळाराम म्हणाला. "लई बारीक काम हुतं. पोराचं. म्या धुतलं."

गृहस्थ गोंधळले, बरं म्हणाले आणि पुढं गेले. मागनं दोन पोरी आल्या, त्यांनाही तेच. एक म्हातारे लष्करी गृहस्थ आले, त्यांनाही. कुणी विचारो न विचारो. दुपारी निहार त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, सगळ्यांना कशाला सांगताय? त्यापेक्षा चेन तुम्ही केलीत ते सांगा. चेन बघून लोक थक्क होतायत."

"चेन कुनीबी करंल. बहात्तर येळा त्येच त्ये." त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. "आन सांगाय नगं तर काय? न्हाय सांगितलं तर लोकं म्हणतील, पोराला यवडंच येत हुतं."

समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. कार्ड वाचत होत्या. सावळाराम परत जागेवर गेला आणि त्यांचं वाचून व्हायची वाट बघत उभा राहिला.