गोळीतून गेलेला आवाज

प्रयोगशाळेत निकाल यायला वर्षं लागतात, किस्से मात्र आठवड्याला एक! २००९च्या सुमारास गोंदियातल्या आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये आम्ही तिघं होतो: मी, पीएचडी करणारी कविता आणि तिचे गाईड, आमचे सर. कविताचं काम सुपरकंडक्टरवर, म्हणजे ठरावीक तापमानाखाली विजेला जराही न अडवणाऱ्या पदार्थावर. काळ्या सिरॅमिकची एक गोळी खूप गार करायची, तिच्यातून आवाज सोडायचा आणि तो किती वेगानं जातो यावरून गोळी किती लवचिक, आतले अणू कसे हलतात, ते ताडायचं.

*

गार करायला लागतं लिक्विड नायट्रोजन. ते होतं जनावरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायला. तिथल्या डॉक्टरांनी थोडं देऊ केलं. कंटेनर स्कूटरवर घेऊन मी आणि कविता येत होतो, तर बिरसीजवळ एका बाईनं थांबवलं. तिची गाय माजावर आली होती आणि कंटेनर बघून आम्ही तिला दवाखान्याचे वाटलो. कवितानं समजावलं, आम्ही डॉक्टर नाही, फिजिक्सचे आहोत.

बाई म्हणाली, "जर्सी नसन तं फिजिक्सचंच भरून द्या जी."

*

एकदा नवी गोळी भट्टीत भाजत असताना लाईट गेली. सरांनी वीज ऑफिसला फोन करून विनवलं, भट्टी थंड पडली तर सगळं वाया जाईल. काय शिजतंय, असं पलीकडच्यानं विचारलं. सर म्हणाले, "पत्थर."

"घर में सब ठीक है ना, सर?" त्यानं विचारलं. लाईट मात्र लगेच आली.

*

मग आलेखात खड्डा दिसला. गोळी ज्या तापमानाला सुपरकंडक्टर होते, नेमका तिथेच आवाजाचा वेग घसरत होता. सर म्हणाले, आवाज सोडणारा क्रिस्टल गोळीला चिकटवायचं ग्रीस गोठलं असेल. तसं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. कविताचं जेवण सुटलं.

तिनं ग्रीस बदललं. खड्डा तिथेच. मग ऑक्सिजन काढलेली, सुपरकंडक्टर न होणारी गोळी लावली. खड्डा गायब! म्हणजे तो ग्रीसचा नव्हता, सुपरकंडक्टर होण्याचाच होता.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "आता जेव."

*

तोंडी परीक्षेला चिचगडहून कविताची आई आली होती. मागे बसून ऐकत होती. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्नामागून प्रश्न विचारत होते, कविता उत्तरं देत होती आणि आईचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी पीएचडी जाहीर झाली, टाळ्या वाजल्या. आई तडक परीक्षकांसमोर जाऊन उभी राहिली.

"पास झाली नं जी?"

परीक्षक हसून म्हणाले, झाली, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली तिनं.

आईचा जीव भांड्यात पडला. मग तिनं मायेनं विचारलं, "मंग आता तुमाले समजलं नं जी सारं?"